रानडे : न्यायासन, निवडणूक आणि आपण

१८ जानेवारी ही तारीख आपल्या वस्त्यांत कुणाला फारशी आठवत नाही. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, २० मार्च, १ जानेवारी, अशोक विजयादशमी या तारखांना आपले विहार गजबजतात. १८ जानेवारी हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्मदिवस. चित्पावन ब्राह्मण कुळात जन्मलेला, इंग्रज सरकारच्या नोकरीत आयुष्य घालवलेला आणि काँग्रेसच्या आरंभकाळात तिला मार्गदर्शन करणारा हा माणूस. त्याच्याशी आंबेडकरी चळवळीचा संबंध काय, असे आपला कार्यकर्ता विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण १९४३ साली याच तारखेला बाबासाहेब पुण्याला गेले होते आणि गोखले स्मारक सभागृहात रानड्यांच्या १०१व्या जयंतीचे भाषण त्यांनी केले होते, हेही कार्यकर्त्याने लक्षात घ्यावे. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ते भाषण त्याच वर्षी 'रानडे, गांधी अँड जिना' या नावाने पुस्तकरूपाने निघाले. ज्या माणसाला मोजायला बाबासाहेबांनी एवढा वेळ दिला, त्याचे आयुष्य आपण एकदा नीट पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

त्या भाषणाच्या आरंभी बाबासाहेबांनी आपल्या दोन आठवणी सांगितल्या आहेत. पहिली सातारच्या शाळेतली. १६ जानेवारी १९०१ रोजी शाळेला अचानक सुट्टी मिळाली. कुणीतरी रानडे वारले, एवढेच मुलांना कळले. तेव्हा नऊ वर्षांच्या भीमाला हे रानडे कोण, याचा पत्ताही नव्हता. दुसरी आठवण आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. पुढे एकदा वडिलांचे जुने कागद चाळताना बाबासाहेबांना एका अर्जाची नक्कल सापडली. १८९२ साली सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. त्या हुकमाविरुद्ध महार समाजातील लष्करी अधिकाऱ्यांनी हिंदुस्थान सरकारकडे केलेला तो अर्ज होता. चौकशी केल्यावर त्यांना सांगण्यात आले की अर्जाचा मसुदा रानड्यांनी तयार करून दिला होता. सुभेदार रामजींच्या दप्तरात जपून ठेवलेला तो कागद हा रानडे आणि आपल्या समाजामधला थेट धागा आहे.

आम्ही वकिली करणारी माणसे. त्यामुळे रानड्यांकडे पाहताना आम्हाला हायकोर्टाचे न्यायमूर्ती रानडे आधी दिसत नाहीत. आम्हाला दिसतो तो खालच्या कोर्टातला सबजज्ज. हायकोर्टात ते जेमतेम सात वर्षे होते. त्याआधीची वीस-बावीस वर्षे त्यांनी सबजज्ज, मॅजिस्ट्रेट, लघुवाद न्यायालयाचा न्यायाधीश आणि शेतकरी कर्जदारांच्या खटल्यांचा खास न्यायाधीश म्हणून काढली. गरीब माणसाची कायद्याशी गाठ पडते ती याच पायरीवर. म्हणून रानड्यांची ही पायरीवरची कारकीर्द आणि निवडणुकीच्या राजकारणाशी त्यांचा आलेला संबंध, या दोन गोष्टी आम्ही येथे मांडणार आहोत.

रानड्यांचा जन्म १८४२ साली नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीला, म्हणून बालपण कोल्हापुरात गेले. पुढे ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकायला आले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची. या विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या एकवीस विद्यार्थ्यांत रानडे होते. १८६२ साली बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत ते होते आणि १८६६ साली ते एलएल. बी. झाले. थोडक्यात, विद्यापीठ आणि ते बरोबरच वाढले. त्या वर्गात आपला एकही मुलगा नव्हता, ही गोष्ट मात्र विसरता येणार नाही. जोतिराव फुल्यांनी पुण्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढून त्या वेळी उणीपुरी दहा-पंधरा वर्षे झाली होती. रानडे पदवीधर झाले, तेव्हा आपली मुले मुळाक्षरांपाशी होती. दोन समाजांमधले हे अंतर ध्यानात ठेवूनच पुढची कहाणी वाचावी लागते.

शिक्षण संपल्यावर रानडे काही काळ अक्कलकोटला कारभारी आणि कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश होते. मग १८६८ पासून त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी शिकवले. १८७१ साली ते ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांची पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून नेमणूक झाली. तेव्हा ते तिशीही ओलांडलेले नव्हते. त्या काळी जिल्हा न्यायाधीशांच्या खुर्च्या बहुतेक करून आय. सी. एस. झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. शिकलेल्या देशी माणसाला सबजज्जाचे पद हीच मोठी मजल. ही नेमणूक सरकार करी. लोकांचे मत त्यात विचारले जात नसे, आणि बहुजन समाजाचा माणूस त्या रांगेत उभाच नव्हता.

पुण्यात रानड्यांनी सार्वजनिक सभेला वाहून घेतले. ही सभा १८७० साली स्थापन झाली, गणेश वासुदेव जोशी तिचे चालक. या सभेची एक रीत लक्षात घेण्याजोगी आहे. सभासद होणाऱ्याने ठराविक संख्येच्या लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे, म्हणजे तो त्यांचा प्रतिनिधी ठरायचा. या देशात आधुनिक अर्थाने प्रतिनिधित्वाची कल्पना रुजवण्याचा तो एक प्रारंभीचा प्रयत्न होता. पण सह्या कुणाच्या होत्या? सरदार, जमीनदार, सावकार, वकील, नोकरदार यांच्या. ज्याला सहीच येत नव्हती त्या कुणब्याचा, माळ्याचा, महार-मांगाचा मुखत्यार कोण होता? जोतिराव फुल्यांनी या सभेवर जे आसूड ओढले, त्यांचे मूळ या प्रश्नात आहे. शेतकऱ्याच्या नावाने बोलणाऱ्या सभेत शेतकरी नाही, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो खरा होता.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सरकारी नोकर असून रानडे गप्प बसले नाहीत. सभेच्या वतीने दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी, दुष्काळाच्या हकिगती, सरकारला धाडलेली निवेदने, यांच्यामागे त्यांचे डोके होते. १८७५च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाची खते जाळली आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. १८७६ ते १८७८ या वर्षांत दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त केले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले. ते आमच्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे. त्या काळात पुण्यातल्या प्रत्येक शिकलेल्या ब्राह्मणावर सरकारचा संशय होता. रानड्यांची १८७८ साली नाशिकला बदली झाली होती. पुढल्या वर्षी त्यांना आणखी लांब, धुळ्याला पाठवण्यात आले. तेथे त्यांच्या टपालावरही नजर ठेवली जात होती, असे रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. म्हणजे न्यायाधीशाला वठणीवर आणण्यासाठी बदलीचे हत्यार वापरण्याची रीत आजची नव्हे, ती तेव्हापासून चालत आली आहे. रानडे त्या काळात डगमगले नाहीत आणि कुणाच्या दारात रदबदलीलाही गेले नाहीत. संशय निवळल्यावर १८८१ साली ते पुन्हा पुण्याच्या कोर्टात आले.

रानड्यांच्या न्यायाधीशपणाचा खरा कस लागला तो यानंतर. १८७५च्या दंग्यांतून आणि दुष्काळातून सरकारने धडा घेतला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर हे चार जिल्हे त्यात होते. तोवर कोर्टाचे काम म्हणजे सावकाराने खत पुढे करायचे, कुणब्याचा अंगठा दाखवायचा आणि हुकूमनामा घेऊन जमिनीवर जप्ती आणायची, एवढेच झाले होते. कुणबी बहुधा कोर्टात हजरच नसे. एकतर्फी निकाल होई आणि बेलिफ दारात आला की त्याला आपण हरल्याचे कळे. नव्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाण्याचा अधिकार दिला. मूळ मुद्दल किती, व्याज किती चढवले, फेडले किती, हे पहिल्यापासून तपासायचे, हिशेब नव्याने मांडायचा आणि हप्ते बांधून द्यायचे. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालण्याची रीत बंद झाली. गावोगाव समेट करणारे पंच आणि गावमुन्सफ नेमले गेले.

या कायद्याच्या अंमलात रानड्यांचा वाटा मोठा आहे. आधी साहाय्यक म्हणून आणि १८८७ नंतर खास न्यायाधीश म्हणून त्यांनी या जिल्ह्यांत दौरे केले. त्यांचे काम खालच्या न्यायाधीशांचे आणि गावमुन्सफांचे निकाल तपासण्याचे होते. ते गावोगाव मुक्काम करीत, दप्तरे मागवून घेत आणि जेथे कागद खरा पण व्यवहार खोटा, तेथे हात घालत. कोर्टात काम करणाऱ्याला या कामाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कागदावर सही आहे म्हणून निकाल देणे सोपे असते. सही कुणी, कशासाठी आणि कुणाच्या दबावाखाली केली, हे विचारायला न्यायाधीशाच्या अंगी धैर्य लागते आणि समाजाची जाण लागते. रानड्यांकडे दोन्ही होते.

पण येथेही फुल्यांचा आवाज ऐकावा लागतो. जोतिरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिले. कोर्टात शेतकरी कसा नागवला जातो, शिरस्तेदार, कारकून आणि वकील एका जातीचे असल्याने त्याची दाद कशी लागत नाही, हे त्यात आहे. शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा वाईट झालेली नाही, अशा आशयाचे मत रानड्यांनी मांडले, तेव्हा जोतिरावांनी १८८५ साली 'इशारा' लिहून त्याचा समाचार घेतला. न्यायासनावर बसलेला माणूस कितीही सज्जन असला, तरी कोर्टाच्या खोलीतली बाकीची सगळी माणसे एकाच थरातून आलेली असतील तर न्यायाला मर्यादा पडते, हे जोतिरावांना दिसत होते. रानड्यांना ते पुरते दिसले नाही. दोघांत वैर नव्हते. १८७५ साली पुण्यात दयानंद सरस्वतींच्या मिरवणुकीवर सनातनी तुटून पडणार हे दिसत असताना रानड्यांच्या बाजूला जोतिराव आपली माणसे घेऊन उभे राहिले होते. पण समाजाकडे पाहण्याच्या दोघांच्या जागा वेगळ्या होत्या. एक न्यायासनावरून पाहत होता, दुसरा फिर्यादीच्या जागेवरून.

रानड्यांच्या आयुष्यातल्या दोन घटना आपल्या टीकेला कायम पात्र राहतील. पहिली १८७३ची. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या मंडळींत रानडे पुढे होते. त्यांची पहिली पत्नी वारली आणि वडिलांच्या आग्रहाखातर, अवघ्या दोन-तीन महिन्यांत त्यांनी दुसरे लग्न केले. एखाद्या विधवेशी विवाह करून आपला शब्द ते खरा करू शकले असते. त्यांनी केले ते अकरा वर्षांच्या कुमारिकेशी. स्वतः ते तेव्हा एकतीस वर्षांचे होते. या मुलीला, म्हणजे रमाबाईंना, त्यांनी शिकवले, सभेत बोलायला उभे केले आणि त्या पुढे स्त्रियांच्या चळवळीतल्या मोठ्या कार्यकर्त्या झाल्या, हे खरे आहे. पण त्यामुळे मूळ माघार पुसली जात नाही. दुसरी घटना १८९०ची. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळींनी चहा घेतला. ब्राह्मण समाजात गदारोळ उठला, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. आपल्या हट्टापायी आप्तमित्रांना बहिष्काराचा त्रास नको, हे त्यांचे कारण. जो माणूस सरकारच्या संशयापुढे वाकला नाही, तो जातीच्या पंचायतीपुढे वाकला. जात ही सरकारपेक्षा मोठी सत्ता आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? आणि त्याच १८९२ साली महारांच्या भरतीबंदीचा हुकूम निघाला, ज्याच्याविरुद्धचा अर्ज याच माणसाने लिहून दिला. एकाच माणसाच्या या दोन बाजू आहेत. दोन्ही सांगितल्याशिवाय त्याचे चरित्र पुरे होत नाही.

आता निवडणुकीकडे येऊ. रानडे मुंबईच्या कायदेमंडळात १८८५, १८९० आणि १८९३ असे तीनदा सभासद होते, पण तिन्ही वेळा सरकारने नेमलेले. १८९२च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळात आडवळणाने का होईना, निवडणुकीला वाव मिळाला. लोकल बोर्डे, नगरपालिका, विद्यापीठ यांनी माणसे सुचवायची आणि सरकारने त्यांना मान्यता द्यायची. १८९५ साली या वाटेने टिळक मुंबईच्या कायदेमंडळात गेले. हेच टिळक चार वर्षांपूर्वी संमतिवयाच्या कायद्याला विरोध करीत होते. बारा वर्षांखालच्या मुलीला नवऱ्याच्या सहवासापासून संरक्षण देणारा तो कायदा होता. रानडे त्याच्या बाजूने होते.

त्याच १८९५ साली पुण्यात आणखी एक निवडणूक झाली. सार्वजनिक सभेच्या कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीत टिळकपक्षाने बहुमत मिळवले आणि ज्या सभेला रानड्यांनी पंचवीस वर्षे घडवले, ती त्यांच्या हातातून गेली. त्या वर्षअखेरीस काँग्रेसचे अधिवेशन पुण्यात भरले. १८८७ पासून काँग्रेसच्या मंडपातच सामाजिक परिषद भरत असे. रानडे तिचे प्राण होते. पुण्यातल्या सनातन्यांनी सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप द्यायला कडाडून विरोध केला, मंडप जाळण्याची भाषा झाली. शेवटी रानड्यांनी परिषद दुसरीकडे भरवली. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन'च्या भाषणात याच हकिगतीपासून आपले विवेचन सुरू केले आहे. सामाजिक सुधारणेचा पक्ष हरला आणि राजकीय सुधारणेचा पक्ष जिंकला, तेथूनच या देशाच्या राजकारणाचा पाया वाकडा पडला, हे त्यांचे सांगणे होते. १८९६ साली रानड्यांनी डेक्कन सभा काढली, पण हरलेला पक्ष पुन्हा उभा राहिला नाही.

या हकिगतीवरून कुणी म्हणेल की मग निवडणुकीपेक्षा सरकारने नेमलेला सज्जन न्यायाधीश बरा. हा निष्कर्ष आम्ही मान्य करीत नाही. १८९५च्या त्या निवडणुकांत मतदार कोण होते, हे आधी विचारा. स्त्री नव्हती, शेतमजूर नव्हता, अस्पृश्य तर दृष्टिआडच होता. वरच्या थरातल्या मूठभर पुरुषांनी आपसांत मोजलेल्या मतांना लोकमत म्हणता येत नाही. दोष मतपेटीत नव्हता, ती ज्यांच्या हाती होती त्यांच्यात होता. बाबासाहेबांनी साउथबरो समितीपासून गोलमेज परिषदेपर्यंत आणि तेथून संविधान सभेपर्यंत व्यापक मताधिकाराचा आग्रह धरला आणि जोडीला प्रतिनिधित्वाची हमी मागितली, ती याचसाठी. ते स्वतः १९२६च्या अखेरीस मुंबई कायदेमंडळावर नेमले गेले आणि १९३७च्या फेब्रुवारीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. पुढच्याच महिन्यात, १७ मार्च १९३७ रोजी, चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल हायकोर्टाने आपल्या बाजूने दिला. तो खटला सुरू झाला होता महाडच्या सबजज्जापुढे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या खालच्या कोर्टात. डिसेंबर १९२७मध्ये त्या कोर्टाने आधी आपल्याविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम दिला, फेब्रुवारी १९२८मध्ये तो उठवला आणि १९३१ साली वादींचा दावा फेटाळला. तळे अस्पृश्यांना बंद ठेवण्याची अनादि काळची वहिवाट आहे, हा सवर्णांचा दावा पुराव्यावर टिकला नाही. तो पुरावा नोंदवला गेला खालच्या कोर्टात. हायकोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

१८९३ साली न्यायमूर्ती तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे हायकोर्टात गेले. शेवटपर्यंत ते त्या पदावर राहिले. १९०० साली त्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले.

बाबासाहेबांनी त्यांचे मोजमाप कसे केले? त्यांनी रानड्यांची आरती ओवाळली नाही. आपण मूर्तिपूजक नाही, मूर्तिभंजक आहोत, ही भूमिका त्यांनी त्या भाषणाच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत घेतली. थोर माणूस कशावरून ठरतो, याची चिकित्सा करून त्यांनी रानड्यांना थोर मानले. कारण समाजाने मारलेल्या मनाला जागे करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. हक्कांचे रक्षण केवळ कायद्याने होत नाही, समाजाची विवेकबुद्धी त्यांच्या पाठीशी असावी लागते, हे तत्त्व बाबासाहेबांनी रानड्यांच्या निमित्ताने ठासून मांडले. सामाजिक लोकशाहीशिवाय राजकीय लोकशाही टिकत नाही, हेही. पुढे २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतील भाषणात ते यापेक्षा मोठ्या व्यासपीठावरून हेच सांगत होते. त्याच वेळी उदारमतवादी पक्षाच्या दुबळेपणावर, जनतेत न उतरण्याच्या वृत्तीवर त्यांनी बोट ठेवले. घेण्यासारखे घ्यायचे आणि टाकण्यासारखे टाकायचे, ही बाबासाहेबांची रीत होती. तीच आपली असली पाहिजे.

मग आज रानड्यांच्या चरित्रातून आपण काय घ्यायचे? आमचे म्हणणे थेट आहे. चळवळीचे लक्ष दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाकडे असते आणि निवडणुकीच्या तिकिटाकडे असते. तालुक्याच्या कोर्टाकडे नसते. अमेरिकेच्या अनेक राज्यांत खालच्या कोर्टाचे न्यायाधीश मतदानाने निवडून येतात. आपल्या संविधानाने ती वाट घेतली नाही आणि ते योग्यच झाले. उच्च न्यायव्यवस्थेतील नेमणुकांच्या चर्चेत २४ मे १९४९ रोजी बाबासाहेबांनी सरकारची मनमानी, विधिमंडळाचा हस्तक्षेप आणि सरन्यायाधीशांचा नकाराधिकार हे तिन्ही टोकाचे मार्ग बाजूला सारले. पण न्यायाधीश निवडून येत नसला तरी त्याची निवड तर होतेच. ती कोण करतो आणि कुणातून करतो, हा प्रश्न राहतो. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांत आरक्षण नाही, १९९३च्या निकालापासून तेथे कॉलेजियम आहे. न्यायमूर्ती ए. वरदराजन १९८० साली सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, के. जी. बालकृष्णन २००७ साली सरन्यायाधीश झाले आणि आपल्या महाराष्ट्रातले भूषण गवई २०२५ साली त्या पदावर बसलेले पहिले बौद्ध ठरले. अभिमान वाटावा अशीच ही नावे आहेत. पण ती बोटांवर मोजता येतात, ही वस्तुस्थिती आहे.

खालच्या कोर्टाचे दार मात्र परीक्षेचे आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदांची परीक्षा महाराष्ट्रात लोकसेवा आयोग घेतो आणि तेथे राखीव जागा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. याचा अर्थ, गरिबाघरच्या मुलामुलींना पदवीनंतर तीन वर्षे तुटपुंज्या कमाईवर काढावी लागणार. घरात वकिलीची परंपरा असलेल्यांना ही अट जड नाही. पहिल्या पिढीच्या पदवीधराला ती कंबरडे मोडणारी आहे. येथे चळवळीने उभे राहायला हवे. विहारांच्या समित्यांनी, कर्मचारी संघटनांनी, आपल्या वकिलांनी मिळून या तीन वर्षांत मुलांना आधार द्यायला हवा. पुस्तके, अभ्यासिका, कामात घेणारा ज्येष्ठ वकील आणि महिन्याला थोडी मदत एवढे पुरे आहे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर जाणाऱ्या पैशातला एक हिस्सा इकडे वळवला तरी एका तालुक्यातून दोन-चार मुले न्यायासनापर्यंत जातील.

खालच्या कोर्टाला एवढे महत्त्व का द्यायचे, असे कुणी विचारील, तर त्याने खैरलांजी आठवावी. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांचे हत्याकांड झाले. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आरोपींना कठोर शिक्षा दिल्या, पण ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध मानला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि जातीचा मुद्दा मागेच राहिला. साक्ष नोंदवली जाते खालच्या कोर्टात, कुठला प्रश्न विचारायचा हे ठरते तेथेच आणि जात दिसते की नाही, हेही तेथेच ठरते. आमच्या कामोठ्याचेच घ्या. सिडकोची स्थापना १९७० सालची. तिच्या शहरासाठी या परिसरातील गावांच्या जमिनी गेल्या. वाढीव मोबदल्याचा अर्ज तेव्हाच्या कायद्याने पाठवला जाई तो दिवाणी न्यायालयाकडे. भूमिहीन मजुराचा, भाडेकरूचा, घरकाम करणाऱ्या बाईचा तंटाही तेथेच येतो. रानड्यांनी ज्याप्रमाणे खताच्या मागे जाऊन पाहिले, त्याप्रमाणे कागदाच्या मागे जाऊन पाहणारा न्यायाधीश या माणसांना हवा आहे. कागदाच्या मागे काय असते, हे ज्याने आपल्या घरात पाहिले आहे, तो ते लवकर ओळखतो.

रानड्यांनी महारांचा अर्ज लिहून दिला, त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण दुसऱ्याने लिहून दिलेल्या अर्जावर सह्या करण्याचा काळ सुभेदार रामजींच्या मुलाने संपवला. त्या मुलाने पुढे संविधानाचा मसुदा लिहिला. आता निकालपत्र लिहिणारे हात आपल्यातून तयार झाले पाहिजेत, पनवेलच्या कोर्टात, महाडच्या कोर्टात, भंडाऱ्याच्या कोर्टात. आणि ते हात तयार झाले म्हणजे जातीच्या पंचायतीपुढे, पक्षापुढे किंवा बदलीच्या भीतीपुढे वाकणार नाहीत, याची जबाबदारीही आपल्यावरच आहे. रानड्यांना जे साधले नाही ते साधण्याची ताकद बाबासाहेबांनी आपल्याला दिली आहे. ती वापरायची की फक्त जयजयकार करायचा, हे आपणच ठरवायचे आहे.

जय भीम!